शून्य शुल्काची सीमा

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. बाहेर पडू म्हणणारे ५१.९ टक्के, राहू म्हणणारे ४८.१ टक्के. ज्या बाजारपेठेत देशाची चाळीस टक्क्यांहून जास्त निर्यात जाते, तिचं १९७३ पासूनचं सभासदत्व एवढ्याशा फरकावर संपलं. त्याआधी १९८५ मध्ये ग्रीनलंड बाहेर पडलं होतं, तेही मुख्यतः मासेमारीच्या हक्कांवरून. पण पन्नास-साठ हजार वस्तीच्या त्या बेटाच्या अनुभवावरून ब्रिटनचं काय होईल, हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

ब्रिटनमधल्या मराठी घरांतही ब्रेक्झिटचा, म्हणजे या बाहेर पडण्याचा, वाद झाला आणि अजून होतो. साठ-सत्तरच्या दशकांत तिकडे गेलेल्यांनी भाच्या-पुतण्यांच्या व्हिसासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले, नकार पचवले. त्याच काळात युरोपातला माणूस नुसतं ओळखपत्र दाखवून उतरताना आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागताना त्यांनी पाहिला. २०२१ नंतर शिकायला आलेल्या पिढीला मात्र संघातलं ब्रिटन ठाऊकच नाही. या लेखातले मामा आणि भाची अशा दोन पिढ्यांचे आहेत. पात्रं कल्पित, ब्रिटनबद्दल ते देतात ते दाखले आणि आकडे खरे.

मामा १९७२ मध्ये लीस्टरला आले आणि तिथेच अकाउंटंट म्हणून निवृत्त झाले. भाची त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, निफाड तालुक्यातली, घरी द्राक्षबाग. तिने ब्रिटनमध्ये एम.एस्सी. केलं आणि आता केंटमध्ये, डोव्हर बंदराच्या वाटेवर, मालवाहतुकीच्या एका कंपनीत कस्टम्सचे कागद करते. मामांनी २०१६ मध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. १९७५ च्या सार्वमतात मात्र ६७ टक्क्यांबरोबर त्यांनीही ‘राहू’ म्हटलं होतं.

“तेव्हा ते कॉमन मार्केट होतं,” मामा सांगतात. “व्यापारापुरतं. पुढे त्याचं काय झालं ते बघ. कायदे त्यांचे, कोर्ट त्यांचं. आणि २०१६ ला आम्हाला भीती काय घातली? मत दिलं की लगेच मंदी येईल, पाच लाख लोक बेकार होतील. ट्रेझरीचा अधिकृत अहवाल होता तो. आली का मंदी?”

आली नाही. पौंड एका रात्रीत दीड डॉलरवरून १.३३ च्या आसपास आला, १९८५ नंतरचा नीचांक. आयात महागली. पण बेकारी वाढण्याऐवजी घटत गेली आणि २०१९ पर्यंत सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर पोचली. ज्यांनी लगेच आभाळ कोसळेल असं सांगितलं, त्यांनी स्वतःच्याच बाजूचं मोठं नुकसान केलं. पुढे जे खरोखर घडत गेलं ते सांगायची वेळ आली, तेव्हा ऐकणारे उठून गेले होते.

“मामा, मत २०१६ ला पडलं. सीमा २०२१ ला आली,” भाची म्हणते. “मधली साडेचार वर्षं माल पूर्वीसारखाच जात होता. युरोपबरोबरचा व्यापार करार ठरला २४ डिसेंबर २०२० ला आणि लागू झाला १ जानेवारीला. आठवडाभरात लोकांनी काय तयारी करायची? २०१६ ते २०२० मधलं काही दाखवून ‘बघ, काही झालं नाही’ असं तुम्ही म्हणू शकत नाही.”

“बरं, २०२१ नंतरचं बोलू. करारात शुल्क किती आहे? शून्य. कोटा किती? शून्य. युरोपीय संघाने एवढा खुला करार कुणाशी केला होता?”

“शुल्क शून्य आहे, हे खरंय. पण ते मिळवायला काय काय सिद्ध करावं लागतं ते मी रोज बघते.”

ब्रेक्झिटवरच्या बहुतेक चर्चा इथपर्यंत येतात आणि भरकटतात, कारण व्यापारातली अडचण म्हणजे जकात अशीच आपली समजूत असते. एकाच बाजारपेठेत असताना यॉर्कशरचं चीज लिआँला जाणं आणि लंडनला जाणं यात कागदोपत्री फरक नव्हता. आता प्रत्येक खेपेला निर्यातीचं डिक्लरेशन इकडे, आयातीचं तिकडे. माल ब्रिटनमध्येच बनला याचा पुरावा, म्हणजे मूळ देशाच्या नियमांची पूर्तता. मांस, मासे, दूध यांपैकी काही असेल तर आरोग्याचा दाखला आणि त्यावर पशुवैद्यकाची सही. शुल्क न लागण्यासाठीही ही कागदांची रांग पार करावीच लागते.

भाचीच्या बोलण्यात ‘ग्रुपेज’ हा शब्द वारंवार येतो. एकाच ट्रकमध्ये दहा-पंधरा लहान उत्पादकांचा माल भरून पाठवणं, म्हणजे ग्रुपेज. ज्याच्याकडे अख्खा ट्रक भरेल एवढा माल नाही, त्याला हाच मार्ग परवडतो. “पूर्वी त्या ट्रकला कुणी हात लावत नव्हतं. आता त्यातल्या एकाच्या दाखल्यावर तारीख चुकली तर सगळा ट्रक उभा राहतो. बाकी चौदांचा काही दोष नसताना त्यांचा माल खराब होतो. मग वाहतूकदार म्हणतो, खाद्यपदार्थ असलेलं ग्रुपेज नकोच.”

जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या मासे निर्यातदारांनी आपले ट्रक थेट लंडनमध्ये व्हाइटहॉलला, सरकारी कचेऱ्यांसमोर आणून उभे केले, ते याच रागातून. जिवंत शिंपल्यांचं तर आणखी वाईट झालं. पूर्णपणे स्वच्छ न गणल्या जाणाऱ्या, ‘ब’ वर्गाच्या पाण्यातले शिंपले पूर्वी युरोपात नेऊन तिथे शुद्ध केले जात. संघाबाहेरच्या देशाला ती मुभा नाही. त्यामुळे ज्या मच्छीमारांना ‘आपला समुद्र आपल्याला परत मिळेल’ असं सांगितलं गेलं होतं, त्यांच्यातल्या काहींची बाजारपेठच एका रात्रीत बंद झाली.

“सुरुवातीचा गोंधळ,” मामा म्हणतात. “सगळ्या नव्या व्यवस्थेत होतो. आणि तुझ्या त्या चार टक्क्यांचं काय? कुणी मोजले ते?”

चार टक्के म्हणजे ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या स्वतंत्र सरकारी संस्थेचा अंदाज. ब्रिटन संघात राहिलं असतं त्या तुलनेत दीर्घ काळात देशाची उत्पादकता चार टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात दोन्ही पंधरा टक्क्यांनी कमी राहतील, असं ती धरून चालते. मामांचा आक्षेप असा, की जो ब्रिटन अस्तित्वातच आला नाही त्याच्याशी ही तुलना आहे. मध्ये कोविड आलं, युक्रेनचं युद्ध आलं, गॅसचे भाव भडकले. जर्मनी तर संघातच होता. त्याची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली, त्याला कोणतं ब्रेक्झिट कारणीभूत?

आक्षेप वजनदार आहे. चार टक्के हे अनेक अभ्यासांवर बेतलेलं गृहीतक आहे, कुणी तराजूत घालून मोजलेली वस्तू नव्हे. म्हणूनच भाची त्या आकड्यावर भिस्त ठेवत नाही. तिच्याकडे दुसरा दाखला आहे, आणि तो जास्त बोलका आहे.

“लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी कस्टम्सची प्रत्यक्ष नोंद तपासली. २०२४ च्या शेवटी अभ्यास आला. ब्रिटनची एकूण मालनिर्यात या करारामुळे सुमारे ६.४ टक्क्यांनी घटली. तुम्ही म्हणाल, फार नाही. पण युरोपला माल पाठवणाऱ्या १६,४०० कंपन्यांनी तिकडे पाठवणं पूर्ण थांबवलं. साधारण चौदा टक्के. मोठ्या कंपन्यांना जवळपास काहीच झालं नाही. त्यांच्याकडे कस्टम्सचा विभाग आहे, रॉटरडॅमला गोदाम आहे, वकील आहेत.”

“म्हणजे एकूण व्यापार फारसा बुडाला नाही, हे तू कबूल करतेस.”

“कबूल. पण जे बाहेर फेकले गेले ते एकूण आकड्यात दिसतच नाहीत ना, मामा. पाच-दहा माणसं कामाला असलेला, वर्षातून वीस-तीस खोकी फ्रान्सला पाठवणारा माणूस गेला, तर देशाच्या निर्यातीत काय फरक पडतो? त्याच्या गावात पडतो.”

व्यापारगट सोडण्याचा खर्च सगळ्यांवर सारखा पडत नाही. कागदाचा खर्च माल दोन खोकी असो की दोन हजार, तेवढाच येतो. म्हणून तो लहान माणसाला सर्वांत जड जातो. ज्या कोपऱ्यांतल्या, मागे पडलेल्या गावांनी राग व्यक्त करायला बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं, तिथल्याच लहान उत्पादकावर हा भार सर्वांत आधी आला, आणि राष्ट्रीय सरासरीच्या गोष्टी करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पंडितांना तो बराच काळ दिसला नाही. हे मनाला लागतं.

“तुझी नोकरी मात्र माझ्या मतामुळे आहे,” मामा म्हणतात.

“अगदी बरोबर. मी दिवसभर जे फॉर्म भरते ते २०२० पर्यंत कुणालाच भरावे लागत नव्हते. सरकारच्या महसूल खात्यानेच अंदाज दिला होता, युरोपबरोबरच्या व्यापारातल्या या डिक्लरेशनपायी उद्योगांना वर्षाला साडेसात अब्ज पौंड खर्च येईल. त्यातला थोडा माझा पगार. पण त्यातून एक किलोही जास्त चीज तयार होत नाही. आणि गंमत नाही सांगत, वाईट वाटतं म्हणून सांगते: युरोपने आपला माल पहिल्या दिवसापासून तपासला. आपण त्यांच्याकडून येणाऱ्या खाद्यपदार्थांची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली. ती सुरू झाली २०२४ ला. तीन वर्षं त्यांचा शेतकरी इकडे मोकळा आणि आपला तिकडे अडकलेला.”

मामा यावर काही बोलत नाहीत. पण त्यांच्याकडे आठवण आहे, २०१४ च्या उन्हाळ्याची.

त्या वर्षी १ मेपासून युरोपीय संघाने भारतातला आंबा बंद केला. त्याच्याबरोबर वांगी, कारलं, पडवळ आणि अळूची पानंही. आदल्या वर्षी दोनशेच्या वर खेपांमध्ये फळमाशीसारखी कीड सापडली होती. लीस्टर आणि वेम्बलीच्या दुकानदारांचा ऐन हापूसचा हंगाम बुडाला. मूळ गोवेकर कुटुंबातले लीस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी बंदी उठवण्यासाठी मोहीम चालवली. आंब्यावरची बंदी उठली ती थेट जानेवारी २०१५ मध्ये. “आंबा इथे पिकत नाही. युरोपात सगळ्यात जास्त आंबा खाणारी माणसं आमची. आणि निर्णय कुठे? ब्रसेल्सला. आम्ही आमच्या सरकारला जाब विचारायचा, तर सरकार म्हणणार, आमच्या हातात नाही. हे मला पटत नाही. दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण जाब विचारायला माणूस हाताशी हवा.”

मामांचं हे म्हणणं अर्थशास्त्राच्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही, तरी ते पोकळ नाही. आपल्या आयुष्यावर परिणाम करणारा नियम कोण करतं आणि त्याला पदावरून काढता येतं का, हा लोकशाहीचा मूळ प्रश्न आहे. फक्त हापूसचा दाखला त्यांना वाटतो तेवढा सरळ नाही. त्या बंदीला खुद्द ब्रिटनच्या शेती खात्याचा पाठिंबा होता. ही माशी काचगृहांतल्या टोमॅटो-काकडीत शिरली तर ३२ कोटी पौंडांचं पीक धोक्यात येईल, असं त्या खात्याने सांगितलं होतं. लंडन स्वतंत्र असतं तरी हापूस बहुधा अडलाच असता.

माणसांच्या बाबतीत मामांची इच्छा पूर्ण झाली, आणि फार कमी जणांची झाली. जानेवारी २०२१ पासून युरोपीय आणि भारतीय अर्जदार एका रांगेत आले. शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा त्याच वर्षी सुरू झाला. भाची त्यावरच राहिली. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात देशात निव्वळ नऊ लाखांच्या वर माणसं आली, त्यांत भारतीय सर्वांत पुढे. लिंकनशरमधल्या बॉस्टनने ७५.६ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने दिली होती, ती परदेशी माणसं कमी व्हावीत म्हणून. त्यांना हे मुळीच नको होतं.

गोव्याकडे पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. ते पासपोर्ट घेऊन हजारो गोवेकर ब्रिटनला गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. २०२० संपताच नव्यांसाठी ती वाट बंद झाली आणि आधी आलेल्यांना ३० जून २०२१ च्या आत राहण्याच्या हक्काचा अर्ज करावा लागला. त्याच जुलैमध्ये स्विंडनचा होंडाचा कारखाना बंद झाला, साडेतीन हजार नोकऱ्यांसह. त्याचं कारण ब्रेक्झिट नसून विजेच्या गाड्यांकडे वळणारं जग हे आहे, असं कंपनीने सांगितलं. मात्र कारखाना बंद होणार ही घोषणा फेब्रुवारी २०१९ मधली, आणि जपानी गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने काढणारा युरोप-जपान करार लागू झाला तोही त्याच महिन्यात. युरोपात गाड्या विकायला ब्रिटनमध्ये कारखाना हवाच, ही जुनी गरज तिथे कमी झाली होती.

गाड्यांचा विषय निघाला की मामा टाटांकडे वळतात. “जॅग्वार लँड रोव्हर गेली का पळून? उलट टाटा सॉमरसेटमध्ये चार अब्ज पौंडांचा बॅटरीचा कारखाना घालतायत. ज्यांना इथे भविष्य दिसत नाही ते एवढे पैसे घालतात?”

“इथे बॅटरी का करावी लागतेय ते बघा. विजेच्या गाडीतली बॅटरी ब्रिटन किंवा युरोपातली नसेल, तर ती गाडी ब्रिटिश धरली जाणार नाही आणि युरोपात तिच्यावर दहा टक्के शुल्क लागेल. हा नियम २०२४ पासूनच लागणार होता. दोघांच्याही कंपन्या ओरडल्या म्हणून २०२६ च्या अखेरीपर्यंत ढकलला. संघात असतो तर पोलंडची बॅटरी असो की जर्मनीची, प्रश्नच आला नसता. आणि लँड रोव्हरची डिफेंडर कुठे बनते? स्लोव्हाकियात, नित्राला.”

“नित्राचा कारखाना ठरला तो सार्वमताच्या आधी.”

“हो, ते मान्य.”

मामांचा सर्वांत पक्का मुद्दा २०२५ चा आहे. अमेरिकेने जगभर आयात शुल्क लावलं तेव्हा ब्रिटनच्या वाट्याला दहा टक्के आले; युरोपीय संघाला जुलैमध्ये पंधरावर समाधान मानावं लागलं. ब्रिटिश गाड्यांना वर्षाला एक लाखाच्या मर्यादेत दहा टक्के दर मिळाला. संघात असतं तर ब्रिटनला हा वेगळा सौदा करताच आला नसता. भाचीने हा मुद्दा वाद न घालता मान्य केला.

“मग भारताचा करार? २४ जुलै २०२५ ला सही झाली. ब्रिटनमध्ये आपल्या मालाच्या ९९ टक्के प्रकारांवर शुल्क नाही. कोल्हापुरी चपला, कपडे, तुझ्या वडिलांची द्राक्षं. स्कॉचवरचे दीडशे टक्के आधी पंच्याहत्तर आणि दहा वर्षांत चाळीसवर येणार. सत्तावीस देशांना विचारत बसलो असतो तर झाला असता का हा एवढ्यात?”

“मामा, तुम्ही हिशेबातले आहात. बेरीज करा. ऑस्ट्रेलियाच्या करारातून दीर्घ काळात जीडीपीत ०.०८ टक्के वाढ, हा आपल्याच सरकारचा अंदाज. भारताच्या करारातून ०.१३ टक्के, तोही सरकारचाच. तुमच्या मते तिकडचे चार टक्के फुगवलेले आहेत. चला, निम्मे धरा. तरी हे दोन्ही करार मिळून त्याच्या जवळपास कुठे येतात?”

मामांना बेरीज करायला कागद लागला नाही. “नाही येत,” ते म्हणाले. “मी पैशासाठी मत दिलं नव्हतं. बाहेर पडण्याच्या प्रचाराच्या बसवर, संघाला जातात म्हणून रंगवलेला आठवड्याला पस्तीस कोटी पौंडांचा आकडा खोटा आहे, हे मला तेव्हाच कळत होतं. मार्गारेट थॅचरनी मिळवलेली सूट त्यातून वजाच केली नव्हती.”

मे २०२५ मध्ये लंडनला ब्रिटन आणि युरोपीय संघ पुन्हा एकत्र बसले. मासेमारीसाठी युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत प्रवेश कायम राहिला. मासेमारी म्हणजे ब्रिटनच्या जीडीपीचा ०.१ टक्काही नाही, पण भावनेने या विषयाला नेहमी त्याच्या आकारापेक्षा मोठी जागा मिळाली. त्या बदल्यात खाद्यपदार्थांच्या आरोग्य-नियमांबाबत करार करायचं ठरलं: ब्रिटनने युरोपचे नियम जसे बदलतील तसे पाळायचे, आणि भाची भरते त्यातले बरेच दाखले रद्द व्हायचे. नियम ठरताना ब्रिटनला मत मांडता येईल, मतदान करता येणार नाही.

“हे तर जास्त वाईट,” मामा चिडून म्हणाले. “आत होतो तेव्हा निदान मत होतं.”

“तेच तर गमावलं आपण.” भाचीला यात दुसरीही बाजू दिसते, आणि ती निफाडमधून दिसते. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, शेतकऱ्यांच्या बोलीत ‘सीसीसी’, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि नाशिकच्या निर्यातदारांचे कंटेनर अडकले. तेव्हापासून द्राक्षवाल्याला शुल्कापेक्षा रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशांची, धास्ती जास्त. २०२१ नंतर कीडनाशकांच्या अंशांच्या मर्यादा ब्रिटन स्वतःच्या स्वतः ठरवू लागला. म्हणजे रॉटरडॅमची यादी एक आणि लंडनची दुसरी. “दोन्हीकडे माल पाठवायचा तर बाबांना दोन्ही याद्या सांभाळाव्या लागतात. नियम परत एक झाले, तर एका लॅब रिपोर्टवर काम भागेल.”

“आणि इथल्या शास्त्रज्ञांचं काय? जनुक-संपादित पिकांना वाट देणारा कायदा आपण २०२३ मध्ये केला, युरोपच्या आधी. तो गुंडाळून ठेवायचा?”

“नका गुंडाळू. ठरलेल्या मसुद्यात मोजक्या अपवादांना जागा ठेवलीय. त्यात तो मागा.”

मामांनी मग अपवादांची आपली यादीच सांगायला घेतली, आणि जनुक-संपादित पिकं तिच्यात पहिली होती. भाचीला एकच गोष्ट हवी होती: द्राक्षांवरच्या औषधांची मर्यादा बदलणार असेल तर ती ऑक्टोबर छाटणीच्या आधी जाहीर व्हावी, कारण छाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू झालेल्या असतात.